कुंकू लागलेली जाळी

भागाबाईनं आपला हात विकला, असं आमच्या गल्लीत सगळे सांगत. सांगणाऱ्याचा सूर तेवढा वेगळा. नळावरच्या बायका आवाज खाली घेत आणि "शेठनं घरी पाकीट धाडलं म्हनते वो," यातल्या 'म्हनते'वर असा काही जोर देत, की ऐकणारीला पाकिटाची जाडीसुद्धा दिसावी. पानठेल्यावरचे पुरुष घसा खाकरून सुरू करत. त्यांच्या मते व्यवहार कोर्टाच्या पायरीवरच झाला, आणि बाई आत गेली ती फिरूनच. साक्षीपुरावा काय, तर भागाबाईच्या घरावरचे नवे पत्रे.

यातलं काहीच खरं नाही. पत्रे आले ते मजुरांच्या नुकसानभरपाईतून. तो कायदा वेगळा, ते ऑफिस वेगळं, आणि तिथं कुणाची चूक होती हे कुणी विचारतही नाही. कोर्टात मात्र भागाबाई एका शब्दानंही फिरली नाही. केस बुडाली ती त्याच्यामुळंच.

ती मूळची भीमपूरची. लग्न होऊन आदिलाबादला आली. नवरा नागोराव मार्केट यार्डात हमाल, आणि ही दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंगमध्ये. बायका जिनिंगला नुसतं 'जीन' म्हणत, जसं माहेर, सासर, तसं जीन. तेरा हंगाम तिनं एकाच जीनमध्ये काढले. वर मशीनमधून रुई निघायची आणि सरकी खालच्या लांब खाचेत पडायची. खाचेत उतरून ती सरकी झाडायची, टोपल्यात भरायची, टोपलं वर द्यायचं, हे भागाबाईचं काम. खाचेच्या एका अंगानं लोखंडी दांडा फिरत असे. दांड्यावर पुल्या, पुल्यांवर पट्टे, आणि हाताला लागू नये म्हणून प्रत्येक पुलीवर तारेची जाळी.

चौथ्या पुलीची जाळी त्या हंगामात पंधरा दिवसांपासून भिंतीला टेकून उभी होती. कारण साधं होतं. जाळीत रुईची लव अडकते, तासातासाला मशीन थांबवून ती काढावी लागते, आणि भर हंगामात फाटकाबाहेर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली. मॅनेजर गोपाळराव कुणावर ओरडायचे नाहीत. धोतराचा सोगा हातात धरून खाचेच्या काठाकाठानं फिरायचे आणि म्हणायचे, "चालू द्या, चालू द्या, असं आहे ते." रजा नाकारली तरी "असं आहे ते", पाण्याचा माठ फुटला तरी "असं आहे ते". देवाजी फिटरनं एकदा जाळीकडं बोट केलं होतं, तेव्हाही गोपाळरावांनी हेच सांगितलं, आणि देवाजी पाना खिशात घालून निघून गेला.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत, दुपारच्या जेवणाच्या थोडं आधी, भागाबाईचा खराटा चौथ्या पट्ट्यानं ओढला. खराटा सोडायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही तिला मिळाला नाही. उजवा हात कोपरापासून गेला.

दवाखान्यात भेटायला येणारं प्रत्येक माणूस खाटेच्या कडेला बसून आधी चुकचुके आणि मग म्हणे, "जरासं ध्यान द्याचं होतं वो माय." नणंद म्हणाली, शेजारीण म्हणाली, केळी घेऊन आलेला चुलत दीर म्हणाला. झाडूवालीनंही म्हणून घेतलं. तेरा हंगामांत तिच्या हातून टोपलंसुद्धा सांडलं नव्हतं, हे कुणाच्या गावी नव्हतं. भागाबाई भिंतीकडं तोंड करून पडून राही.

चौथ्या दिवशी रेणुकाबाई आली. ही टोळीतली सगळ्यांत जुनी, खाचेत भागाबाईच्या शेजारीच झाडणारी. ती हवापाण्याचं बोलत राहिली, तेव्हाच भागाबाईला कळलं की हिला काहीतरी मागायचंय. जीनची एक रीत होती. ज्या मशीननं रक्त घेतलं, ती ज्याचं रक्त गेलं त्याच्या घरचा नारळ आल्याशिवाय चालवायची नाही. मिलच्या पैशाचा नारळ चालत नसे. गोपाळरावांनी पहिल्याच दिवशी एक सोडून पाच नारळ आणवले होते, बायकांनी हात लावला नाही. बावीस बायका चार दिवस घरी बसून होत्या, आणि हंगाम काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता.

भागाबाईच्या घरात नारळ फुटत नव्हता. तिच्या बापानं धम्म घेतला तेव्हापासून तिनं कुंकवाचं बोट कुठल्या दगडाला लावलं नव्हतं, मशीन तर लांबच. हे रेणुकाबाईला ठाऊक होतं, म्हणूनच तिचं हवापाणी इतकं लांबलं. भागाबाईनं ते सगळं हवापाणी ऐकून घेतलं. मग नागोरावला म्हणाली, "एक नारळ घेऊन दे यायले. बायका घरी बसून राह्यल्या."

नारळ गेला. देवाजी फिटरनं मशीन धुतली, पुसली, तेल दिलं. आणि भिंतीला टेकलेली जाळी उचलून पुलीवर बसवली, नवे बोल्ट घालून घट्ट आवळली, कारण उघड्या अंगाची पूजा करायची नसते. बायकांनी मशीनला कुंकू लावलं, जाळीला लावलं. दुपारपर्यंत चारही पट्टे फिरायला लागले.

फॅक्टरी इन्स्पेक्टर आला एकोणिसाव्या दिवशी. दोन जिल्ह्यांना मिळून एकच साहेब, तोही बसनं फिरणारा. तेलुगू माणूस, हिंदी बोलायचा ती शब्द पारखून घेतल्यासारखी, एकेक. आधी जीन पाहून आला आणि मग दवाखान्यात खाटेपाशी स्टूल ओढून बसला. त्यानं सांगितलं की मिलकडून अपघाताचा रिपोर्ट वेळेवर आलाय. त्यात कारण लिहिलंय, कामगार बाईचा स्वतःचा निष्काळजीपणा.

"जाळी नव्हती साहेब," भागाबाई म्हणाली.

"अम्मा, जाली तो है. मैं देखा. ऊपर कुंकुमा भी है."

भागाबाई उठून बसायला गेली आणि नसलेल्या हातावर जोर देऊन पुन्हा पडली. इन्स्पेक्टर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, जाली पुराना है, बोल्ट नया है, वो भी मैं देखा. मग त्यानं तिचा जबाब लिहून घेतला आणि डाव्या हाताचा अंगठा उठवला. तो अंगठा कसा टेकवायचा हे तिला अजून जमत नव्हतं.

त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. कोर्टाच्या कागदावर कुणीतरी लिहावं की जाळी नव्हती. गोपाळरावांना दंड किती होईल हे तिनं कधीच विचारलं नाही. रिपोर्टात जे लिहिलंय ते खोडलं जावं आणि पुन्हा कुणी चुकचुकत आलं तर त्याच्यापुढं कागद धरता यावा, एवढंच. नागोराव म्हणाला, हात काही परत येत नाही. ती म्हणाली, हाताचं कोण बोलून राह्यलं.

घरी आल्यावर ती पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या जमादारानं हात हलवून सांगितलं, हे कारखान्याचं काम, आमच्याकडं नाही. मग कोर्टात गेली. तिथल्या मुनशीनं तिला झाडाखाली बसवून समजावलं की या कायद्यात तुला फिर्याद करता येत नाही. हात तुझा असला तरी फिर्याद इन्स्पेक्टरसाहेबांचीच. तीही त्यांना कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत पडली पाहिजे, एक दिवस उशीर झाला तर कोर्ट कागदाला हात लावत नाही. भागाबाईनं विचारलं, साहेब विसरले तर? मुनशीनं पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, तर विसरले.

साहेब विसरले नाहीत. सत्त्याऐंशीव्या दिवशी त्यांनी गोपाळरावांवर केस टाकली. साक्षीदार तीन: भागाबाई, रेणुकाबाई, देवाजी. पहिल्या दोघींचं साहेबांना फार वाटत नव्हतं. त्यांचा भरवसा देवाजीवर होता, कारण जाळी नंतर बसवली, पूजेसाठी बसवली आणि मीच बसवली, हे तो त्यांच्यापुढं बोलून गेला होता. देवाजी एकदा संध्याकाळी भागाबाईच्या घरीही आला. ओट्यावर उकिडवा बसला, चहा बशीत ओतून प्याला आणि उठताना म्हणाला, मी सांगीन. त्या रात्री भागाबाईला दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा नीट झोप लागली.

मग तारखा सुरू झाल्या. साहेब दुसऱ्या जिल्ह्यातून बसनं येईपर्यंत कोर्ट उठायचं, कधी मॅजिस्ट्रेट रजेवर, कधी वकील. एक हंगाम गेला, दुसरा आला. गोपाळरावांचे वकील व्यंकटेशराव, काळ्या कोटाच्या खिशात बडीशेप ठेवणारे. त्यांच्या मराठीला निजामी काळाचा वास होता, प्रत्येक वाक्यात एक 'गोया', म्हणजे जणू, आणि एक 'लिहाजा', म्हणजे म्हणून. एका तारखेला त्यांनी उभं राहून एक अर्ज दिला. कायद्यात अशी सोय आहे, ते म्हणाले, की मॅनेजरवर आरोप आला तर खरा गुन्हा करणाऱ्याला मॅनेजर कोर्टापुढं उभा करू शकतो. आमच्या अशिलाचं म्हणणं, जाळी होतीच. पण गोया नसेलच, तर ती सांभाळायचं काम फिटरचं. लिहाजा देवाजी फिटरला आरोपी करावं.

पुढच्या तारखेला देवाजी साक्षीदारांच्या बाकावर नव्हता. तो गोपाळरावांच्या शेजारी, आरोपीच्या जागी उभा होता, दोघांत हातभर अंतर. गोपाळराव सोगा धरून, देवाजी टोपी धरून.

बाहेर आल्यावर इन्स्पेक्टरनं भागाबाईला सांगितलं की आरोपीला बोलायची सक्ती करता येत नाही. तो गप्प राहिला तर त्याच्या गप्प राहण्याचा अर्थही काढता येत नाही. कायदा तसा आहे, आणि चांगला कायदा आहे. हे शेवटचं तो जरा जास्तच हळू बोलला.

देवाजी सायकलचं कुलूप काढत होता. भागाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काऊन गा देवाजी? तू तं सांगतो म्हनला होता."

"माये, जाळी नव्हती म्हनलं की म्याच काढली होते. वकील म्हनते, तोंड उघडशीन तं आत जाशीन." त्यानं कुलूप काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. "चार लेकरं हायेत."

भागाबाईनं वाट सोडली.

रेणुकाबाईची साक्ष पंधरा मिनिटांत झाली. जाळी होती का? ध्यानात नाई. नव्हती का? ध्यानात नाई. अपघाताच्या दिवशी तू कुठं होतीस? ध्यानात नाई. दर खेपेला तिचा आवाज एकेक पायरी खाली उतरत गेला आणि शेवटच्या प्रश्नाला नुसते ओठ हलले. खाली उतरताना तिचा पदर पिंजऱ्याच्या खिळ्याला अडकला. तो सोडवायला भागाबाईच पुढं झाली, डाव्या हातानं.

मग भागाबाई उभी राहिली. कोर्टाची भाषा तेलुगू, तिची मराठी, म्हणून एक म्हातारा कारकून मध्ये दुभाषा. तिनं सगळं सांगितलं. खाच सांगितली, पंधरा दिवस भिंतीला टेकलेली जाळी सांगितली, जाळीमागं मांजरीनं पिल्लं घातली होती तेही सांगितलं, खराटा कसा गेला ते सांगितलं. कारकुनानं चष्मा वर केला आणि एवढ्या सगळ्याचं तेलुगूत केलं, "जाली लेदु अंटुंदि." जाळी नव्हती म्हणते. टाइपरायटर तीनदा वाजला आणि थांबला. पिल्लांचं त्यात कुठं आलं नाही.

व्यंकटेशराव उठले. बाई, नारळ तुमच्या घरचा होता? होता. तुमच्या निरोपानं पूजा झाली? झाली. पूजेच्या वेळी जाळी मशीनवर होती? होती. कुंकू जाळीला लागलेलं इन्स्पेक्टरसाहेबांनी पाहिलं, बरोबर? बरोबर. मॅनेजरसाहेबांनी 'जाळी काढा' असं तुमच्या देखत कधी म्हटलं? भागाबाईनं आठवून पाहिलं. "चालू द्या म्हनत," ती म्हणाली, "जाळी काढा असं नाई म्हनले."

इन्स्पेक्टरनं मान खाली घातली.

मग व्यंकटेशराव दोन पावलं पुढं आले. त्यांचा आवाज एकदम घरच्या माणसासारखा झाला. गोया आपल्याच बहिणीला समजावतायत. बाई, तुमची चूक नव्हती, हे मॅजिस्ट्रेटसाहेब आत्ता लिहून घेतील. एवढंच सांगा, जाळी या देवाजीनं काढली ना?

भागाबाईला जे हवं होतं ते समोर धरलेलं होतं. मॅजिस्ट्रेटनं पहिल्यांदाच कागदावरून वर पाहिलं. देवाजी टोपीचा काठ चाचपत होता, त्याची नजर फरशीवर. पंख्याखाली कागद फडफडत होते, कुणीतरी त्यांच्यावर दगड ठेवला.

"कोनं काढली ते म्या पाह्यलं नाई," भागाबाई म्हणाली. "नव्हती, ते पाह्यलं."

निकाल पंच्याऐंशीच्या एप्रिलात लागला. पानं इंग्रजीतली, मुनशीनं ती झाडाखाली वाचून दाखवली. इन्स्पेक्टरनं जागा पाहिली ती एकोणिसाव्या दिवशी. तेव्हा जाळी होती. ती नव्हती असं म्हणणारी एकटी भागाबाई, आणि पूजेच्या दिवशी ती होती हेही तीच म्हणते. गुन्हा शंकेपलीकडं सिद्ध होत नाही. संशयाचा फायदा देऊन दोन्ही आरोपी सुटले. मुनशी तिथं थांबणार होता, पण भागाबाईनं विचारलं, आणखी काय लिहिलंय. खाली एक ओळ होती. कामगार बाईनं स्वतः पुरेशी काळजी घेतली नसल्याची शक्यता नाकारता येत नाही.

म्हणजे मिलच्या रिपोर्टात होतं ते आता कोर्टाच्या कागदावर आलं.

"संशय कोनाले आला?" तिनं इन्स्पेक्टरला विचारलं. "मले तं नाई."

इन्स्पेक्टर म्हणाला, शक का फायदा आरोपी को ही मिलता, अम्मा. बेकसूर आदमी अंदर नहीं जाना बोलके. त्याच्या आवाजावरून वाटत होतं की हे त्यानं कुठंतरी परीक्षेत लिहिलं असणार आणि त्याला पूर्ण मार्क मिळाले असणार. अपील आहे, तो पुढं म्हणाला. पण ते तुला करता येत नाही, सरकारनंच करायचं. मी हैद्राबादला लिहितो. मुदत सहा महिने. त्यानं लिहिलंही. जूनमध्ये त्याची बदली झाली, आणि नवा साहेब कोण हे कुणालाच नीट सांगता येईना.

गल्लीत पाकिटाची गोष्ट सुरू झाली ती इथून. पैसे खाल्ले नसते तर हिनं सरळ देवाजीचं नाव नसतं घेतलं का, असा हिशोब. देवाजी त्या हंगामात जीनवर परत गेला. भागाबाईला पाहिलं की तो सायकलवरून उतरे आणि ती दिसेनाशी होईपर्यंत हातात धरून चालत राही. चौथ्या पुलीची जाळी पुन्हा भिंतीला लागली, असं रेणुकाबाईनं एकदा चुलीपाशी सांगितलं. हे तिच्या चांगलं ध्यानात होतं.

हैद्राबादला स्मरणपत्रं मी लिहिली, गल्लीतली शाळकरी पोर म्हणून, दोन. भागाबाई सांगायची, मी शाळेतल्या मराठीत घालायची आणि नागोराव कोर्टाजवळच्या टायपिस्टाकडून ती तेलुगूत करून घ्यायचा. दुसरं पत्र टाकून आल्यावर मी म्हटलं, या वेळी उत्तर येणारच. ती म्हणाली, येत नाई. मी म्हटलं, लाव पैज. तिनं किलोभर ओल्या शेंगांची लावली. सरकारचा कागद मुदतीत आला तर शेंगा तिनं द्यायच्या, नाही आला तर मी.

मुदत ऑक्टोबरात संपली. त्या दिवशी पोस्टमन आमच्या गल्लीत आला, तीन घरांत पत्रं टाकली आणि सायकल वळवून निघून गेला. मी संध्याकाळी बाजारातून शेंगा घेतल्या आणि तिच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हरली न पोरी? ठेव तथी, फळीवर."

फळीवर आधीच एक पिशवी होती. एका हातानं मारलेली गाठ सैल पडून तिचं तोंड उघडलं होतं. आत ओल्या शेंगा, माती अजून न वाळलेली. मी तिच्याकडं पाहिलं.

"सकाळीच आनल्या," भागाबाई म्हणाली आणि तांदळातला खडा बाजूला टाकला. "कागद आला असता तं तुले द्या लागल्या असत्या ना."